बैठं काम, सुटलेलं पोट आणि तेलाचा कॅन: चरबी खरंच कमी करायची असेल तर

"मॅडम, मी रोज अर्धा तास चालते तरी काटा हलत नाही." व्यायामाची लेडीज बॅच घेणाऱ्या कुणालाही विचारा, आठवड्यातून एकदा तरी हे ऐकावं लागतं. आणि बोलणारी बाई खोटं बोलत नसते, ती खरंच चालते, पावसात छत्री घेऊन चालते, पण गणितच असं आहे की नुसत्या चालण्याने काटा फारसा हलत नाही, आणि हे तिला आधी कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे लिहितेय. बँकेत, शाळेत, लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांसाठी, आणि घरी असणाऱ्यांसाठीही, कारण "मी दिवसभर उभीच असते" हे कितीही खरं असलं तरी ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणं ही शरीराच्या हिशोबात हलकी हालचाल आहे, त्यात दम लागत नाही. २०२२ साली आपल्या देशातल्या ५७ टक्के बायका पुरेशी हालचाल करत नव्हत्या असा अंदाज लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय मासिकात आला होता, पुरुषांत तो ४२ होता. म्हणजे तुम्ही एकट्या नाही आहात हो, अर्धी सोसायटी तुमच्यासोबत आहे.

आधी एक अभ्यास सांगते, कारण त्यावरून पुढचं सगळं नीट लागतं. अमेरिकेत सिएटलला, फ्रेड हचिन्सन कॅन्सर सेंटरमध्ये ४३९ बायका घेतल्या होत्या, वय ५० ते ७५, पाळी गेलेल्या, वजन जास्त आणि आयुष्य बैठं. त्यांचे चार गट केले आणि वर्षभर पाहिलं, निकाल २०१२ मध्ये छापून आले. ज्यांनी फक्त व्यायाम केला, आठवड्यातले पाच दिवस पाऊण तास, त्यांचं वजन सरासरी २.४ टक्के उतरलं. ज्यांनी फक्त खाणं बदललं त्यांचं ८.५ टक्के. ज्यांनी दोन्ही केलं त्यांचं १०.८ टक्के. काहीच न करणाऱ्यांचं एक टक्कासुद्धा नाही.

आता हे आपल्या ६८ किलोच्या बाईला लावून बघा. वर्षभर इमानेइतबारे पाऊण पाऊण तास घाम गाळून दीड-पावणेदोन किलो, आणि ताटात बदल करून पावणेसहा किलो, दोन्ही मिळून सव्वासात-साडेसात. "मग व्यायाम सोडूनच देते की" असं म्हणायच्या आधी दुसरी गोष्ट ऐका. त्याच सिएटलमधला २००३ चा आणखी एक अभ्यास आहे, १७३ बायकांचा, त्यात फक्त व्यायाम होता. वजनात फरक जेमतेम सव्वा-दीड किलोचा, पण स्कॅन केल्यावर पोटाच्या आतली, आतड्याभोवतीची चरबी चांगलीच कमी झालेली दिसली, आणि जिने जितकी जास्त मिनिटं व्यायाम केला तिची तितकी जास्त चरबी गेली. ही आतली चरबीच शुगर आणि बीपीच्या मागे असते. शिवाय व्यायाम न करता नुसतं खाणं तोडलं तर जे वजन जातं त्यातला साधारण चौथा हिस्सा चरबी नसून स्नायू वगैरे असू शकतो. म्हणजे काटा खाली, पण हातपाय लुळे, जिना चढताना धाप, आणि खाणं पूर्वीसारखं झालं की वजन परत येतं ते जास्त करून चरबी म्हणूनच. तर वाटणी अशी: चरबी उतरवायचं काम बरंचसं स्वयंपाकघर करतं, आणि स्नायू राखणं, पोटातली चरबी हलवणं, उतरलेलं वजन उतरलेलंच ठेवणं हे काम व्यायाम करतो. दोघांना एकमेकांचं काम सांगू नका.

काटा बाजूला ठेवा, टेप काढा

आपल्याकडच्या लोकांचा एक घोळ असतो, हातपाय बारीक आणि पोट पुढे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हा आकडा, अगदी सारखा, २२.३, आणि शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२ टक्के! ते दोघं पुरुष, पण मुद्दा आपल्यालाही तंतोतंत लागू आहे. म्हणून आपल्याकडे २३ च्या वर बीएमआय गेला की वजन जास्त धरतात आणि २५ च्या वर लठ्ठपणा, पाश्चात्त्यांचे २५ आणि ३० इथे चालत नाहीत. आणि "माझं वजन तर ५६ च आहे" म्हणणाऱ्या बाईचं पोटही मापून बघावं लागतं.

बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत हवा, म्हणजे साडेएकतीस इंच. २०१९-२१ च्या एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, घरोघरी टेप लावून पाहिलं तेव्हा ४० टक्के बायका या रेषेच्या पुढे निघाल्या होत्या. माप घ्यायची पद्धत मात्र नीट पाळा. सकाळी, पोट साफ झाल्यावर, उघड्या पोटावर. सगळ्यात खालची बरगडी हाताने चाचपा, मग बाजूचं कमरेचं हाड चाचपा, दोघांच्या बरोब्बर मध्ये टेप. परकर बांधतो तिथे नाही, तो बहुतेक जणींचा पोटाच्या खाली सरकलेला असतो. श्वास सहज सोडायचा आणि वाचायचं, पोट आत ओढून स्वतःलाच फसवण्यात काय अर्थ आहे. महिन्यातून दोनदा घेतलं तरी पुरे.

जिममध्ये ज्या मशीनवर उभं राहिलं की "फॅट ३८ टक्के" असं येतं ना, त्याच्या आकड्यावर फार जीव लावू नका. ते पायातून बारीक करंट सोडून शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं, त्यामुळे पाणी कमी प्यालात, नुकतंच जेवलात, पाळी जवळ आली, की आकडा फिरतो. एकाच मशीनवर, एकाच वेळी, तीन-तीन महिन्यांनी बघितलं तर थोडाफार अर्थ. त्यापेक्षा मापाचा जुना ब्लाउज कपाटातून काढा, इलॅस्टिक नसलेला, शिंप्याने नीट अंगाबरोबर शिवलेला. कुठल्या हुकापर्यंत लागतो ते बघा. लेगिंग आणि गाऊन मेले दहा किलो पचवतात आणि कळूही देत नाहीत, ब्लाउज मात्र खोटं बोलत नाही.

आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात वजन एक-दोन किलोने वाढलं तर ते पाणी असतं, रडू नका. तसंच डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात झर्रकन दोन किलो गेले तर पेढे वाटू नका, तेही बरंचसं पाणीच.

आता स्वयंपाकघर

सुरुवात तेलापासून. नवीन कॅन किंवा पिशवी उघडली की त्यावर स्केचपेनने तारीख घाला. संपेल त्या दिवशी हिशोब करा. समजा चार माणसांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिन्यात संपतो, बऱ्याच घरात संपतो, तर माणशी सव्वा लिटर झालं, म्हणजे दिवसाला साधारण ३८ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी, झाल्या ३४० कॅलरी, नुसत्या तेलाच्या, त्यात तूप नाही, शेंगदाणे नाहीत, बाहेरचा वडापाव नाही. तेच माणशी २० ग्रॅमवर आणलं, म्हणजे चहाचे चार चमचे, तर १८० होतात. वाचल्या रोजच्या १६०. आणि अर्धा तास साध्या वेगाने चालून ६५ किलोची बाई किती जाळते? साधारण ११५. बघा आता. घाम न गाळता, भूक न मारता, कुणाच्या लक्षातही न येता अर्ध्या तासाच्या चालण्यापेक्षा जास्त झालं. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी धरतात, त्या हिशोबाने महिन्याला सहाशे ग्रॅम फक्त कॅनमधून. प्रत्यक्षात शरीर इतकं सरळ वागत नाही, थोडं कमीच निघेल, पण दिशा तीच.

करायचं कसं? फोडणीची पळी डब्यात ठेवून द्या आणि चहाचा चमचा हातात घ्या, पळीने किती पडतं हे कुणालाच माहीत नसतं. चार जणांच्या भाजीला तीन-चार चमचे पुष्कळ झाले. मोहरी तडतडायला तेल कमी पडतं असं वाटलं तर कढई तिरकी धरा. भाजी टाकली की झाकणीत पाणी ठेवा, वाफेवर शिजू द्या, आपल्या आज्या असंच करायच्या, भाजी खाली लागत नाही आणि तेल वाढवावं लागत नाही. पोळीच्या घडीत तेल आणि वरून परत तूप, यातलं एक काहीतरी निवडा, किंवा सरळ फुलके. भाकरी असेल तर प्रश्नच मिटला, थापताना तेल लागतच नाही. (मग त्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायचा की नाही हा तुमच्या सासूबाईंचा आणि तुमचा प्रश्न.)

तेलानंतर शेंगदाण्याचा कूट आणि खोबरं. शेंगदाणे चांगलेच आहेत, पण मूठभर, ३० ग्रॅम म्हटलं तरी १७० कॅलरी, आणि आपण कूट भाजीत घालतो, कोशिंबिरीत घालतो, उसळीत घालतो, आमटीत घालतो. एका वेळी एकाच पदार्थात घाला.

मग चहा. तीन कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, १२० कॅलरी, आणि चहा एकटा कधी येतो का, खारी येते, टोस्ट येतो, बिस्किटं येतात, ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस असतो. साखर एकदम बंद करायला सांगणार नाही, आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा, महिनाभरात जीभ सुधारते. आणि सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध घेऊन चरबी वितळते असं काही नसतं, मोठा चमचा मध म्हणजे वरच्या साठ कॅलरीच.

सगळ्यात अवघड गोष्ट, उरलेलं. मुलाने अर्धी पोळी टाकली, पातेल्यात दोन घास भात राहिला, "अन्न टाकू नये" म्हणून आईच्या पोटात. जेवण झाल्यावर, उभ्याउभ्या, ओट्याशी. हे जेवण कुठल्याच डाएट डायरीत लिहिलेलं नसतं. उपाय दोनच आहेत, एक म्हणजे कमी शिजवा, दुसरं म्हणजे लगेच डब्यात घालून फ्रीजमध्ये, सकाळी फोडणीची पोळी करा पण ती तुमचा नाष्टा म्हणून, नाष्ट्याच्या वर नाही.

उपवासाचं तर काय सांगायचं, एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही, त्यात कूट, तूप, बटाटा, आणि वर दुपारी वेफर्स. उपवास करायचाच असेल तर वरईचा भात थोडा, दाण्याची आमटी पातळ, दही, ताक, फळ, राजगिरा. साबुदाणा खिचडी आवडते तर एखाद्या रविवारी हौसेने खा, तिला वजन कमी करायच्या कामाला लावू नका.

प्रोटीनचा दुष्काळ

कमी खा म्हटलं की बायका आधी वरण-उसळ आणि अंडी कमी करतात आणि चहा-टोस्टवर दिवस काढतात. बरोब्बर उलटं व्हायला हवं. हैदराबादच्या एनआयएनच्या, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, हिशोबाने ५५ किलोच्या बैठ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी आणि साधारण ४६ ग्रॅम प्रोटीन लागतं. वजन उतरवताना कॅलरी कमी होतात पण प्रोटीन कमी होऊन चालत नाही, किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास धरा, ६० किलो असाल तर ६० ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय वाढवू नका.

हे आपल्या जेवणात बसतं का? बसतं. सकाळी दोन अंडी किंवा पन्नासएक ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी, १२ ग्रॅम. दुपारी दोन फुलके, वाटीभर मटकीची उसळ, भाजी, कोशिंबीर आणि मोठी वाटी दही, झाले १८-१९. संध्याकाळी मूठभर फुटाणे, ६. रात्री एक भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी आणि ५० ग्रॅम पनीर किंवा बांगड्याचा एक तुकडा, २० च्या आसपास. छप्पन-अठ्ठावन्न झाले की नाही, पावडरचा डबा न आणता! तेल चमच्याने मोजलं तर कॅलरीही चौदाशे-पंधराशेच्या घरात राहतात. वरण घट्ट हवं मात्र, ज्या वरणातून ताटाचा तळ दिसतो त्यात प्रोटीन कुठून येणार. भात बंद करू नका, उसळीची वाटी आणि भाताची वाटी यांची अदलाबदल करा एवढंच, मोठी वाटी उसळीला.

दोनदाच जेवायचं की दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, हा आपल्याकडचा आवडता वाद. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोन वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत म्हणतात, ऋजुता दिवेकर भूक ओळखून थोड्या थोड्या वेळाने खा म्हणतात, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर मैत्रिणी एकमेकींशी बोलणं सोडतात. माझं मत विचाराल तर जे तुमच्या घरच्या वेळापत्रकात सहा महिने टिकेल ते करा. दोनदाच जेवून प्रत्येक वेळी पंगतीला बसल्यासारखं जेवलात तर उतरणार नाही, आणि दर दोन तासांनी "थोडं" म्हणत चकल्या खाल्ल्यात तरी नाही. दिवसाअखेर पोटात किती गेलं याला शरीर जास्त मानतं, घड्याळाला कमी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणं गाळायचे प्रयोग स्वतःच्या मनाने अजिबात नकोत, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

व्यायाम, आणि तो चालण्यापासून सुरू न करता खुर्चीपासून

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि दोन दिवस ताकदीचा. हा दुसरा भाग आपल्या बायका साफ विसरतात. "वजनं उचलली तर पुरुषासारखे दंड होतील" म्हणे. अहो, तसे दंड करायला पुरुषांना वर्षानुवर्षं घासावं लागतं, तुम्हाला चुकून होणार नाहीत.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, चाकं नसलेली, भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. पुढच्या कडेला बसा, दोन पायांत कमरेएवढं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर घडी. आता पुढे झुका, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर आलं की टाचेवर जोर देऊन उठा. हात लावायचा नाही. मग खाली बसताना मनात चार आकडे मोजत हळू बसा, धपकन पडायचं नाही, खरी मेहनत या खाली येण्यातच आहे. गुडघे आत एकमेकांकडे पडतायत का ते बघा, पडत असतील तर बाहेर ढकला. आठ वेळा करा, दोन मिनिटं थांबा, परत आठ. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, सोपं जाईल. सहज बारा व्हायला लागले की उशी काढा, मग दोन्ही हातात एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, मग छातीशी पाच किलोची पिठाची पिशवी धरून. हे वाढवत नेणं महत्त्वाचं, वर्षभर तेच दहा काढत राहिलात तर शरीर तिथेच थांबतं.

याच्या जोडीला भिंतीला हात टेकून पुशअप, पुढे ओट्याच्या कडेवर. पाठीवर झोपून गुडघे मोडून कंबर वर उचलणं. दाराच्या भक्कम कडीला किंवा खिडकीच्या गजाला रबरी बँड अडकवून स्वतःकडे ओढणं, हे ओढणं सोडू नका, दिवसभर माऊस धरून खांदे पुढे आलेले असतात. पायरीवर चढ-उतार. पाच प्रकार, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटांत होतं. सूर्यनमस्कार करत असाल तर उत्तमच, पण त्यात ओढायची हालचाल नाही, म्हणून बँड वेगळा लागतोच.

चालणं दुसरं. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, रोज. मग दर आठवड्याला पाच-पाच वाढवत अर्ध्या तासावर या. वेग कसा? बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. मैत्रिणीसोबत सासरची अख्खी कथा दम न लागता सांगून होत असेल तर तुम्ही फेरफटका मारताय. जेवणानंतरची दहा मिनिटं वेगळी, ती शुगरसाठी चांगली, आणि ऑफिसात तासाभराने उठून पाण्याची बाटली भरून आणा, फोन आला की उभं राहून बोला, या फुटकळ हालचालींचा दिवसाच्या बेरजेत आकडा बराच होतो. डाएट चालू असताना शरीर गुपचूप आळशी होतं, लिफ्ट घेतं, सोफ्यावर बसतं, त्याला हे उत्तर आहे.

फक्त पोटाचे व्यायाम करून फक्त पोट कमी होत नाही. क्रंचेसने पोटाचे स्नायू मजबूत होतील, त्यांच्यावरची चरबी शरीर आपल्या मर्जीने, सगळीकडून थोडी थोडी काढतं, आणि कुठून आधी हे आईवडिलांकडून आलेलं असतं. घाम काढणारे बेल्ट, पोटाला गुंडाळायची प्लास्टिकं, थरथरणाऱ्या मशीन, यात घाम जातो, पाणी प्यालात की परत येतो, पैसे येत नाहीत.

आणि एक, जे कुणी मोठ्याने बोलत नाही. उड्या मारताना, दोरी घेतल्यावर, शिंकताना लघवी गळते का? बाळंतपणांनंतर आणि चाळिशीपुढे पुष्कळ जणींना होतं, आणि त्यापायी बायका व्यायामच सोडतात, ट्रेनरला सांगत नाहीत. उड्या मारायची काही गरज नाही, वर लिहिलेल्या कशातच उडी नाही. लघवी मधेच रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून पाच मोजायचे, सोडायचे, दहादा, दिवसातून तीन वेळा, पण हे एरवी करायचं, लघवीला बसलेलं असताना नाही. फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्ट किंवा गायनॅककडे जा, याला उपचार असतात.

किती दिवसांनी दिसेल

आठवड्याला पाव ते अर्धा किलो, यापेक्षा वेगाने उतरवायच्या नादाला लागू नका. महिना-दीड महिन्यात ब्लाउजचा एखादा हूक, सहा महिन्यांत वजनाच्या पाच ते सात टक्के. ऐकायला थोडं वाटतं, पण अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन आणि आठवड्याला दीडशे मिनिटं एवढंच टार्गेट होतं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं.

तीन-चार महिन्यांनी काटा अडकतो. अडकणारच, कारण हलकं झालेलं शरीर पूर्वीपेक्षा कमी कॅलरी जाळतं आणि चमचा परत पळी झालेला असतो. तेव्हा जेवण आणखी तोडू नका, आधी आठवडाभर सगळं लिहून काढा, कॅनवरची तारीख बघा, मग चालण्यात दहा मिनिटं आणि खुर्चीच्या व्यायामात वजन वाढवा. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं आणि चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, त्या वयात वजन तेच राहून घेर दोन सेंटीमीटर कमी झाला तरी मी ते यश धरते.

गणपती, दिवाळी, लग्नसराई येणारच. मोदक दोन खा, तूप घालून खा, त्या दिवशी हिशोब करू नका. फक्त फराळाचे डबे ओट्यावर पारदर्शक बरणीत ठेवू नका, वरच्या फळीवर स्टीलच्या डब्यात. आणि ते पाच दिवस व्यायाम नाही झाला तर सहाव्या दिवशी खुर्ची, दुप्पट करून भरपाई वगैरे काही नाही.

सुरू करायच्या आधी एकदा रक्त तपासा. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), जमलं तर बी१२ आणि डी ही व्हिटॅमिनं. एनएफएचएस-५ मध्ये १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला होता, आणि हिमोग्लोबिन नऊ असलेल्या बाईला "तुझ्यात जिद्दच नाही" म्हणून पळवणं म्हणजे निव्वळ अन्याय आहे, तिला आधी लोहाच्या गोळ्या द्या. खाणं न बदलता दोन-तीन महिन्यांत भराभर वजन वाढलं, पाळी महिनोन्‌महिने येत नाही, चालताना छातीत दाबल्यासारखं होतं, चक्कर येते, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर खाणं कमी करायचा विषय नंतर. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरायला लागल्यावर बीपी घरी मोजत राहा, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तर डोस कमी करायची वेळ आलेली असू शकते, तो डॉक्टरनेच ठरवायचा, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.